दुसरा गिअर सुटणारी जुनी मोटरसायकल घ्यावी का?

जांभा_वाट
४ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाव देवरुखजवळ. जूनपासून नवी नोकरी लागते आहे, रोज येऊन-जाऊन साठएक किलोमीटर पडतील. एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत. जवळ तीस-बत्तीस हजार आहेत आणि कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलंय.

शेजारच्या वाडीत एक गाडी विकायला आहे. दीडशे सीसी, पाच गिअर, २०१४ चं मॉडेल, एमएच-०८, एकाच मालकाची, ३८ हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा कंपन्यांच्या भांडणात जातो आणि विचारलेलं राहतं बाजूला. मालक मुंबईला नोकरीला असतो, गाडी वडिलांच्या ताब्यात आहे. वडील एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दोन पावसाळे गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी होती. ३४ हजार सांगतायत.

काकांनी स्वतःच सांगितलं, "दुसरा गिअर सुटतो रे हिचा." मी चालवून बघितली. सपाटीला काही जाणवलं नाही. देवळाच्या चढणीला दुसऱ्यावर घेतली, वर पोचल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर 'खट्' झालं आणि गाडी मोकळी. पायाखाली लिव्हरला हलका धक्काही बसला. तीन वेळा चढलो, त्यात दोन वेळा असं झालं.

एक गॅरेजवाला म्हणतो, चारशेत ऑईल बदलू, जाईल. दुसरा म्हणतो फुल इंजिन खोलावं लागेल, पंधरा हजार. चारशे आणि पंधरा हजार यांच्यामध्ये मी उभा आहे. आई म्हणते, मोडकी वस्तू पैसे मोजून कशाला घरात आणतोस. मिरगाच्या आधी निर्णय घ्यायचाय. काय करू?

तिसरा_डोंगर
४ मे, रात्री ९:३१

नका घेऊ. विकणारा एक दोष सांगतो तेव्हा न सांगितलेले आणखी दोन असतात.

खाडीपलीकडे
४ मे, रात्री ९:५०

तिसरा_डोंगर, माझा अनुभव उलटा आहे. दाभोळला गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला, सगळं ओके, बघायचीही गरज नाही. धोपाव्याच्या फेरीबोटीतून उतरून चढणीला लागेपर्यंत क्लच संपला. त्या दिवसापासून जो माणूस दोष सांगतो त्याच्याकडेच मी आधी जातो. दोष कळला की भाव करता येतो. न कळलेल्या दोषाचा भाव कोण करणार?

सुरंगीचो_वळेसार
४ मे, रात्री १०:०४

माझ्या काकाच्या गाडयेचो दुसरो गिअर असोच होतो. गणपतीक इल्ल्या चाकरमान्यासारखो, इलो म्हणापर्यंत परत जावक तयार. फोंडाघाट उतरताना काकी मागे बसलेली, मांडयेर नारळाची पिशवी. खट्ट झाला आणि गाडी मोकळी सुटली. काकान दोनय ब्रेक धरल्यान म्हणान वाचले. घेतलंस तर आधी दुरुस्त कर, मगे घाटात घाल. तोपर्यंत आवशीक मागे बसव नको.

दीड_शहाळं
४ मे, रात्री १०:१०

चाकरमान्याची उपमा फार आवडली :) वाचतोय. मलाही जुनी घ्यायची आहे.

पाना_दहा_बारा
४ मे, रात्री ११:२६

लांज्यात बावीस वर्षं गॅरेज चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लच सरकणं आणि गिअर सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत. गिऱ्हाईक दोन्हीला 'गिअर सरकतो' म्हणतं आणि तिथेच घोटाळा होतो. क्लच सरकत असेल तर चढणीला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही. त्यात 'खट्' नसतं. तुम्ही लिहिलंय ते गिअर सुटणंच आहे, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सुटतो हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरांचे दात कायम एकमेकांत बसलेलेच असतात. आपण लिव्हर उचलतो तेव्हा एक गिअर शाफ्टवर बाजूला सरकतो आणि त्याच्या अंगावरचे खुंट शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात. या खुंटांना आम्ही डॉग म्हणतो. नव्या गिअरच्या खुंटाची बाजू अगदी थोडी आत कललेली असते. जोर आला की दोन्ही गिअर एकमेकांना आत ओढून धरतात. कड झिजून गोल झाली की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जोराची दिशा फिरते, आणि नेमक्या त्याच क्षणी सुटतं.

दुसराच का, असं सगळे विचारतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मधे न्यूट्रल ओलांडावा लागतो, बाकी कुठल्याच गिअरला तो लागत नाही. पाय अर्धवट उचलला की खुंट टोकावरच अडकतो आणि टोक खातो. त्यात आपल्याकडे चढण, वळण, गटार, परत चढण. दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा.

ऑईल बदलून हे जाणार नाही, झिजलेलं लोखंड ऑईलने भरून येत नाही. पण पंधरा हजार हा आकडाही न उघडता सांगितलेला आहे, तोसुद्धा मानू नका.

इंजिन उतरवण्याआधी तीन गोष्टी बघा. लिव्हर वाकलेली आहे का, किंवा तिच्या आतल्या आट्या झिजून ती दांड्यावर ढिली बसते का? तसं असेल तर गिअर पूर्ण पडतच नाही, आणि काम शे-दोनशेचं असतं. दुसरं, क्लचच्या बाजूचं कव्हर उघडून बघा. गिअर ड्रमच्या टोकाला एक चांदणी असते आणि तिला दाबून धरणारी रोलरची पट्टी. त्या पट्टीची स्प्रिंग तुटली तरी गिअर जागेवर राहत नाही. बऱ्याच गाड्यांत हे काम इंजिन न उतरवता होतं. तिसरं, गाडी गरम असताना ऑईल पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि लोहचुंबक फिरवा. राखेसारखा मऊ काळा लेप आला तर नेहमीची झीज. नखाला टोचणारे कण आले तर गिअर खाल्लेत.

पहिल्या दोन्हींत काही सापडलं नाही तर मग इंजिनची केस, म्हणजे बाहेरची पेटी, फोडावी लागेल. या इंजिनांत क्रँक आणि गिअर एकाच पेटीत असतात, त्यामुळे अख्खं इंजिन उतरवल्याशिवाय गिअरपर्यंत हात जात नाही. मजुरी त्याचीच असते. पार्ट त्यामानाने स्वस्त.

आणि एक कळकळीने सांगतो. गिअर सुटू नये म्हणून लिव्हर पायाने दाबून धरून चालवू नका. आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, घासून तापतो, निळा पडतो, वाकतो. चारशेचा पार्ट तेवढ्या सवयीने जातो.

जांभा_वाट
५ मे, सकाळी ६:४८

पाना_दहा_बारा दादा, कसे आभार मानू? रात्री दोनदा वाचलं. लिव्हर आजच बघतो.

अण्णा_राजापूर
५ मे, सकाळी ८:१५

पानावाल्यांनी सुरेख समजावलं. थोडं विषयांतर करतो. माझ्याकडे येझदी होती. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा, झाला गिअर. दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला दिली की तो दहा मिनिटं गिअर शोधत बसायचा. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, पण राजापुरात त्यानंतर कितीतरी वर्षं ती फिरत होती. बंधूंकडे जुनी बुलेट, तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. घरात दोन्ही गाड्या असल्यामुळे पायांना रोज सकाळी आठवण करून द्यावी लागे.

दीड_शहाळं
५ मे, सकाळी ८:४०

अण्णा, उजव्या पायाला गिअर?? मी पहिल्यांदाच ऐकतोय.

अण्णा_राजापूर
५ मे, सकाळी ८:५२

हो रे बाळा. पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेखाली न्यूट्रलसाठी वेगळी छोटी लिव्हर. कुठल्याही वरच्या गिअरमधून टाच दाबली की सरळ न्यूट्रल. सिग्नलला ती सोय मला आजही आठवते.

वाशिष्ठीकाठ
५ मे, दुपारी १:३०

मी चिपळूणचा. जांभा_वाट, तुमच्या त्या काकांवर संशय घेत नाही, पण इथे वाचणारे बाकीचेही जुनी गाडी घेणार आहेत म्हणून लिहितो.

२२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. माझी गाडी तळमजल्यावर होती. दोन दिवसांनी चिखलातून बाहेर काढली तेव्हा हँडलवर गाळाची साय सुकलेली होती. त्या आठवड्यात चिपळूण आणि महाडच्या किती मोटरसायकली पाण्याखाली गेल्या असतील त्याला मोजदाद नाही. ज्यांनी लगेच ऑईल काढून दोन-तीन वेळा धुऊन घेतलं त्यांच्या गाड्या वाचल्या. ज्यांची घरंच वाहून जायच्या बेतात होती त्यांना गाडीकडे बघायला वेळ कुठे होता? त्या तशाच उभ्या राहिल्या, आत बेअरिंगना गंज धरला, आणि नंतर रंगरंगोटी होऊन विकल्या गेल्या. अशा गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यावर लांबून येणाऱ्या डासासारखा गुणगुणतो.

ओळखायची कशी? सीट काढा आणि वायरींची कनेक्टर खोला, आत तांबूस माती सापडते. हेडलाइटची काच काढून आतल्या वाटीत बघा, पाणी जिथपर्यंत उभं होतं तिथे रेघ असते. एअर फिल्टरचा डबा उघडा, कोपऱ्यात गाळ राहतोच. बाहेरून कितीही धुतलं तरी तिथे कोणाचा हात जात नाही. आणि ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे, मग ते पुराचं असो की गळक्या पडवीतलं.

हर्णै_बंदर
५ मे, दुपारी ३:०५

पूर वर्षा-दोन वर्षांनी येतो, खारं पाणी रोज येतं. मासळी वाहिलेली गाडी सोडून द्या, मग गिअर कितीही गोड पडो. टपातलं पाणी ठिबकत ठिबकत मागच्या रिमवर आणि चेनवर जातं. सीटला नवं कव्हर घालतात, वास घालवतात, पण सीटखालच्या पत्र्याला हात लावा, खवले निघतात गंजाचे. मडगार्डच्या आतून बोट फिरवा. स्विंगआर्म खालून बघा, म्हणजे मागचं चाक धरणारा तो दुहेरी दांडा. तिथे टोकदार वस्तूने टोचलं आणि पत्रा आत गेला तर तशीच ठेवा आणि घरी या.

चेनही बघा. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन उड्या मारते, आणि नवख्याला वाटतं गिअरच सुटला.

तिसरा_डोंगर
५ मे, संध्याकाळी ७:२०

हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. एवढं डॉक्टर होऊन गाडी घ्यायची? थोडे पैसे भरून नवी शंभर सीसी घ्या, बाकीचे हप्ते. रोज साठ किलोमीटर जायचंय, नोकरी नवी आहे, पहिल्याच महिन्यात गाडी बंद पडली तर साहेबाला काय सांगणार?

जांभा_वाट
५ मे, रात्री ८:०२

तुमचं म्हणणं काळजीपोटी आहे हे कळतं. पण बाबांच्या आजारपणातला हप्ता गेल्या वर्षीच संपलाय. हप्त्याच्या तारखेच्या आधीचे चार दिवस घरात कसे जातात ते मी पाहिलंय. नवीन हप्ता घरात आणायचा नाही, त्यात बदल नाही.

तिसरा_डोंगर
५ मे, रात्री ८:१०

समजलं. मग माझं 'नका घेऊ' मागे घेतो. आता नीट घ्या.

केतकी_पावस
५ मे, रात्री ९:४५

मी सात वर्षं जुनी मोटरसायकल चालवते, आरोग्य उपकेंद्रांच्या फेऱ्या तिच्यावरच होतात. (मोटरसायकलच, स्कूटर नाही. दर वेळी विचारतात म्हणून आधीच सांगितलं.)

गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करू नका, किंवा केलात तर पोचल्याबरोबर इंजिनला हात लावून बघा. मला दाखवलेल्या पहिल्या गाडीचं इंजिन कोमट होतं. थंडीत ती सुरूच होत नव्हती, म्हणून मी यायच्या आधी तापवून ठेवलेली. थंड इंजिनवर पहिला गिअर टाकताना गाडी पुढे हिसका मारते का ते बघा, गरम झाल्यावर न्यूट्रल सापडतो का ते बघा. चालवताना प्रत्येक गिअरमध्ये जोर द्या, सोडा, परत द्या. नुसतं चक्कर मारून येण्याने काही कळत नाही.

उतरणीबद्दल वरच्या मालवणी प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आंबा घाटात जुलैत धुक्यात चार हात पुढचं दिसत नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक जपून लावावे लागतात. अशा वेळी दुसऱ्या गिअरने इंजिनच गाडी धरून ठेवतं. तोच हात सोडून देणारा गिअर असेल तर सगळा भार ब्रेकवर येतो. आमच्याकडे काही मुलं पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरतात, त्यातली दोन माझ्या टेबलावर टाके घालून गेलीत. गिअरची दुरुस्ती 'पुढच्या महिन्यात' ढकलू नका, जांभा_वाट.

कचेरी_कागद
५ मे, रात्री १०:३०

यंत्राचं झालं, कागदाचं राहिलं. गाडी मुलाच्या नावावर आहे ना? मग सही मुलाचीच लागेल, वडिलांची चालणार नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी. कर्जावर घेतली असेल आणि आरसीवर अजून बँकेचं नाव असेल तर आधी फॉर्म ३५ भरून ते उतरवून घ्या. दुसऱ्या राज्यातली नोंदणी असती तर एनओसीही (ना-हरकत दाखला) लागली असती, तुमची एमएच-०८ आहे म्हणून तो फेरा वाचला. ई-चलान थकलेलं आहे का ते पैसे देण्यापूर्वी बघा. २०१४ ची गाडी म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तो खर्चही धरा.

आणि त्या काकांनाही सांगा की नाव बदलून देण्यात त्यांच्या मुलाचंच भलं आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी विकलेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. 'स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय' हे तिथे कामाला येत नाही. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला कळवा.

जांभा_वाट
९ मे, रात्री ९:००

सगळ्यांचं वाचून कामाला लागलो, त्याचा हिशेब देतो.

लिव्हर घट्ट आहे, वाकलेली नाही. सीट काढली, हेडलाइट खोलला, फिल्टरचा डबा उघडला, माती नाही. एका कोपऱ्यात उंदराने सुपारीची सालं भरून ठेवली होती तेवढीच. स्विंगआर्म टोचून बघितला, चांगला आहे. कागद काकांनी पत्र्याच्या पेटीतून काढले. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या.

साखरप्याच्या एका मिस्त्रींना घरी घेऊन गेलो. त्यांनी ऑईल काढलं. मी लोहचुंबक स्पीकरमधून काढून नेला होता. त्यावर आधी काळा लेप आला, मी खूश झालो. मग मिस्त्रींनी लेप बोटाने पुसला आणि खाली तीन कण राहिले, तांदळाच्या कणीएवढे, चकचकीत. एकाला सरळ कड होती. क्लचचं कव्हर उघडलं तर चांदणी आणि स्प्रिंग दोन्ही जागेवर. म्हणजे केस फोडायचीच.

काका बाजूला खुर्ची टाकून सगळं बघत होते. मी म्हटलं, काका, आता काय निघेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही, मी ३४ देऊ शकत नाही. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "२७ ला ने. आणि आत जे निघेल ते अर्धं तुझं अर्धं माझं. आमच्याकडे असतानाच झिजलाय तो." मी हो म्हटलं. मुलगा पुढच्या आठवड्यात आंब्याच्या पेट्या न्यायला येतोय, तेव्हा सह्या होतील. तोपर्यंत पाच हजार विसार दिलाय.

खाडीपलीकडे
९ मे, रात्री ९:१४

हा माणूस जपून ठेवा. गाडी नंतर.

पाना_दहा_बारा
९ मे, रात्री ९:३०

कणाला सरळ कड म्हणजे खुंटाची धार तुटलेली आहे. मिस्त्रींना सांगा, फक्त झिजलेला गिअर बदलू नका. ज्याचा खुंट गेला तो आणि ज्याच्या खाचेत तो बसतो तो, दोन्ही बदला. जुन्या खाचेत नवा खुंट घातला तर वर्षभरात परत तेच. फोर्क काचेवर ठेवून डुलतो का बघा. आणि 'आता उघडलंच आहे तर पिस्टन पण टाकू' असं कोणी म्हणालं तर पार्ट हातात घेऊन, झीज बघून मगच हो म्हणा.

रातांबा
१० मे, सकाळी ७:५५

कुर्ल्याला जुने गिअर अर्ध्या किमतीत मिळतात, ओळखीचा माणूस जाणार आहे. सांगू का?

पाना_दहा_बारा
१० मे, दुपारी २:१०

रातांबा, इंडिकेटर, टाकी, मडगार्ड जुनं घ्यायला माझी हरकत नाही. गिअरचे खुंट जुने घेऊ नका. ते कोणत्या घाटात झिजलेत हे आपल्याला कसं कळणार? पार्ट जुना निघाला तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, बचत तिथेच संपते.

जांभा_वाट
१७ मे, रात्री १०:२०

काम झालं. गिअर हातात घेतला तेव्हा या धाग्यावरचं सगळं डोळ्यांसमोर आलं. नव्या गिअरचे खुंट फरशीच्या कोपऱ्यासारखे धारदार. जुन्याचे तीन खुंट वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल, आणि एकाचा टवका उडालेला. मिस्त्रींनी लोहचुंबकावरचा कण त्या टवक्यावर धरला तर बरोबर बसला. फोर्कचं एक टोक खरंच निळं पडलेलं. काका म्हणाले, मुलगा पायाने लिव्हर धरून चालवायचा. पानादादा, तुम्ही न बघता सांगितलं होतंत.

खर्च: दोन गिअर १,४५०, फोर्क ४२०, बेअरिंग दोन ५६०, पॅकिंग सेट आणि सील ५३०, मजुरी ३,५००. एकूण ६,४६०, त्यातले ३,२३० काकांनी दिले. क्लच प्लेट ९५० आणि ऑईल ४२० मी माझ्याकडे घेतले, ते झिजायचेच असतात. म्हणजे गाडी मला ३१,६०० ला पडली. पिस्टन चांगला होता, हात लावला नाही. नाव बदलायचा, विम्याचा आणि प्लेटचा खर्च वेगळा, तो पहिल्या पगारातून.

आईला काल देवळापर्यंत नेलं. चढणीच्या माथ्यावर मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर सोडला. गाडी दुसऱ्यावरच राहिली.

केतकी_पावस
१७ मे, रात्री १०:३१

किती बरं वाटलं वाचून! आई काय म्हणाल्या?

जांभा_वाट
१७ मे, रात्री १०:४०

"हळू चालव" म्हणाली. ताई, मी पंधराच्या वेगाने चालवत होतो.

रातांबा
१७ मे, रात्री १०:५२

ऑईल कुठलं घातलंत? माझ्या भावाने घरी उरलेलं चारचाकीचं घातलं, तेव्हापासून त्याचा क्लच सरकतोय.

पाना_दहा_बारा
१८ मे, सकाळी ८:०५

रातांबा, भावाला ते आजच काढायला सांगा. आपल्या मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो. चारचाकीच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने प्लेटा घसरतात. डब्यावर जेएएसओ एमए, म्हणजे अशा भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण, लिहिलेलं बघून घ्यायचं. ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेली असते तीच, कोणासाठी १०डब्ल्यू-३०, कोणासाठी २०डब्ल्यू-५०.

जांभा_वाट, नवे गिअर आहेत, पाचशे किलोमीटरला एकदा ऑईल बदला. काढलेलं फेकण्याआधी तोच लोहचुंबक फिरवा आणि काय येतं त्याचा फोटो इथे टाका.

जांभा_वाट
१८ मे, सकाळी ८:२०

टाकतो दादा. लोहचुंबक गाडीच्या टूलबॉक्समध्येच ठेवलाय.